स्वयंपाकघराची खिडकी

दातांच्या दवाखान्यात माझा मुलगा मांडीवर पेंगत होता. भिंतीवरच्या टीव्हीत गाडीची जाहिरात चालू होती. शेजारी घरं विकून देणारे एक काका सुजलेला गाल धरून बसले होते, सोबत त्यांची पुतणी.

"काका, यात गाडी कुठं दिसली?"

"शेवटी दिसली की."

"तोवर नुसता बाप लेकीची वाट बघत उभा. आणि आपली जाहिरात? दोन खोल्या, लिफ्ट, पार्किंग, वर तुमचा फोटो."

"फोटो बरा आलाय."

"फ्लॅट गेला नाही ना पण. रविवारनंतर मालक दुसरा एजंट बघणार आहेत."

"ती स्वयंपाकघराची खिडकी नडते गं. खाली मैदान, पोरांचा कालवा. बाहेरचं दिसणार नाही अशी काच बसवायला सांगितलीय मी."

"तीच खिडकी दाखवायची. भांडी घासणारे हात. बाहेर पोर पडतं, हात थांबतात. पोर उठतं, गुडघे झटकतं, वर खिडकीकडे बघतं. हात पुन्हा चालू. खाली आपला नंबर. बस."

"आणि खोल्या? भाव?"

"ज्याला हवं तो आपणहून विचारेल."

"तू माझा धंदा बुडवणार."

"आधी काचवाल्याला थांबवा."

नर्सने आम्हाला आत बोलावलं. मुलाला खांद्यावर घेऊन मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"ती खिडकी कितव्या मजल्यावर आहे?"

पुतणीने तोंड उघडायच्या आत काकांनी गालावरचा हात काढला.

"पहिल्या, ताई. हाक मारली की खाली ऐकू जाते."