कॅमेऱ्याला न सापडलेलं भोक

नाही, पण मला वाटलं होतं काय आणि निघालं काय! तुम्हाला सांगते, चार वर्षं लांब शिकून परत येताना सगळा प्रवासभर मी डोळे मिटून एकच फोटो बघत होते... खिडकीतून तिरपं ऊन आलंय, ते आईच्या बोटांवर पडलंय, सुई चमकतेय, मागचं सगळं कसं धूसर धूसर, आणि खाली दोनच शब्द, 'श्रमाची प्रतिष्ठा'! हसू नका. या विषयावर मी तिकडे चाळीस पानी निबंध लिहिलाय! आणि इथे येऊन बघते तर काय? दुकानाला खिडकीच नाही! एक शटर, एक ट्यूबलाइट, भिंतीला टेकून आई, तिच्या मांडीवर कुणाची तरी पँट, आणि शेजारच्या गाळ्यात किल्लीवाले काका. त्यांचं यंत्र किर्रर्र सुरू झालं की श्रमाची प्रतिष्ठा थेट दाताच्या मुळापर्यंत जाते!

माझी आई रफू करते. म्हणजे कपडा सिगारेटने जळला, खिळ्याला अडकून फाटला, कसरीने खाल्ला, तरी हरकत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि एक वर एक खाली, एक वर एक खाली, असं त्या भोकावर नवं कापडच विणून टाकायचं. तीस वर्षं हेच. आणि मी आले, अजून बॅगा उपसायच्या होत्या, तोच बाईसाहेब म्हणतात कशा, "महिन्याअखेर दुकान बंद करतेय. काम येत नाही, आणि येतं ते नीट दिसत नाही." एका हातात भिंग, त्याची मूठ मोडलेली, दोऱ्याने बांधलेली, दुसऱ्या हातात सुई... मग कापड कोण धरणार? गुडघे!

मी उसळलेच. म्हटलं, "आई, तुझी कला जगाला दिसली पाहिजे!"

आईने दाताने दोरा तोडला. "दिसलं तर ते रफू कसलं?"

चाळीस पानांत हे वाक्य कुठेच नाही हो!

पण एक आशा होती. नाटक कंपनीच्या कपडेपटाच्या बाई. कोट, झगे, शाली, सगळ्या पोशाखांचं वर्षभराचं काम त्या एकाच माणसाला देणार होत्या आणि परीक्षा म्हणून त्यांनी सहा फाटके कपडे आईकडे पाठवले होते. अट एकच, प्रत्येक कपड्याचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा, गुरुवारी दुपारपर्यंत. हे काम मिळालं तर दुकान राहणार, नाही मिळालं तर शटर खाली. मग काय, मी पदर खोचला... पदर नव्हता, पण खोचला! तिकडे वाचनालयात पुस्तकं लावून जमवलेले पैसे होते. एक कॅमेरा येईल एवढे. एकच!

आणि तिथे तो कॅमेरावाला. तुम्हाला सांगते, दीड तास! "ताई, हा मिररलेस घ्या. सुरुवातीचाच आहे, पण सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते, आज ना उद्या तुम्ही वाढणार!" मी म्हटलं, आता या वयात कुठे वाढणार मी? "हौसेने हो, हौसेने!" बरं, मग हा छोटा? "कॉम्पॅक्ट? तोही झकास. खिशात मावतो. लेन्स बदलत नाही, पण ताई, माणसाचा स्वभाव तरी कुठे बदलतो? हा घेतला तर त्याचा पश्चात्ताप होईल, तो घेतला तर याचा होईल. बघा, निर्णय तुमचा!" अरे, निर्णय माझा आहे हे मला माहीत नाही का? निर्णय माझा आहे म्हणून तर मी दीड तास उभी आहे!

शेवटी त्याने विचारलं, कशासाठी हवाय? म्हटलं, आईच्या रफूचे फोटो काढायचेत. त्याचा चेहराच बदलला. "तुम्ही त्या रफूवाल्या बाईंच्या कन्या? ताई, हा अंगावरचा कोट बघा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी याचं भोक बुजवलं. मी अजून शोधतोय!" आणि एका दिवसासाठी दोन्ही कॅमेरे माझ्या हातात दिले.

गुरुवारी सकाळी मी मोहिमेवर. पहिला मान मिररलेसला. काय वजन, काय तो आवाज, खट्! पहिला फोटो आईचा, मागचं सगळं धूसर, अगदी स्वप्नातल्यासारखं! किल्लीवाले काका डोकावले. "पोरी, मागे तो मीच ना? माझं तोंड का पुसलंस?" काका, त्याला खोली म्हणतात. "खोली? अगं, गाळा आहे हा!"

जाऊ दे. म्हटलं, "आई, आता ते सहा फाटके कपडे काढ. आधीचे फोटो घेते."

"फाटके कुठले? कालच झाले ते."

सहाही! तुम्हाला सांगते, माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी इकडे सेन्सरची मापं पाठ करत होते आणि तिकडे ही बाई भोकं बुजवत सुटली होती! "अगं, पण थांबायचं ना!" "भोक समोर दिसतंय आणि थांबू?" बरं, कुठे कुठे होती ती तरी सांग. "आता कुठे आठवतंय? बुजवलं की विसरायचं." आणि चिठ्ठ्या? फाटलं त्या जागेवर टाचलेल्या चिठ्ठ्या? "टाकल्या. भोकच नाही, मग चिठ्ठी कशाला?" बाईंना फोन करून विचारू? तर आई अशी काही बघायला लागली... "खबरदार! गिऱ्हाइकाला विचारायचं, तुमचं कुठे फाटलं होतं म्हणून? लाज नाही वाटणार?"

मग मीच शोधायला बसले. काळा कोट टेबलावर पसरला आणि मिररलेस रोखला. तो बिचारा ग्रूं... ग्रूं... पुढे जातो, मागे येतो. साध्या काळ्या कापडावर त्याची नजर ठरेना! एकदा बटणावर ठरला, एकदा आईच्या अंगठ्यावर. आणखी जवळ नेला तर साफ नकार. त्याची लेन्स हातभर लांबूनच बघणारी, सोवळ्यातली! दोन तास, तुम्हाला सांगते, एवढा मोठा सेन्सर आणि एक भोक सापडेना!

"सापडलं का गं?" आई मान वर न करता.

"नाही!"

"मग झालं तर. दिसलं तर ते रफू कसलं?"

काका कानस घेऊन उभे. "पोरी, एक नवं भोक पाडू का? बारीकसं. आधीचा फोटो होईल, मग आई बुजवेल." खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या मनात आलं... हो, चाळीस पानी निबंध लिहिणारीच्या! पण तोवर आईने कात्री उचलली होती आणि काका आपल्या गाळ्यात पोचलेसुद्धा होते.

शेवटी हात टेकले आणि कॉम्पॅक्ट काढला. त्यावर एक फुलाचं बटण असतं, जवळचं बघायचं. ते दाबलं आणि कोटाला दोन बोटांवर नेला, आणि अहो! पडद्यावर धागे नाहीत, दोरखंड! एकेक पीळ मोजून घ्या! मी बाहीवरून सरकवत चालले, तोच आईने मनगट धरलं.

"थांब. हलू नकोस." मग पडद्याजवळ नाक नेऊन ती एकेक धागा मोजत गेली. "हा धागा चुकलाय माझा. दोनांवरून गेलाय."

सापडलं! मी आनंदाने ओरडले, बोट बटणावर, आणि आई कडाडली, "हात लावू नकोस! चुकलेल्याचा फोटो काढतेस?" काकांना हाक गेली. त्यांनी किल्ल्या टांगायचा आकडा आणला, कॉम्पॅक्ट त्याला रबराने बांधला, तोंड खाली, पडदा आईकडे. आणि आई बसली ना! भिंग बाजूला, दोन्ही हात मोकळे, नजर पडद्यावर. कॅमेरा मधेमधे झोपायचा, आई टिचकी मारून उठवायची. दहा मिनिटांत तो धागा सरळ झाला आणि भोक पुन्हा गायब. फोटो? नाही काढला! विसरलेच! मी तिच्या हातांकडे बघत होते हो...

दुपार झाली. आधीचे फोटो नाहीत, नंतरच्यांत काही दिसत नाही. मग मी काय केलं? दारात उजेडात सहाही कपडे टांगले, मिररलेसने एकेकाचा देखणा फोटो काढला... त्याचाही मान राखायला हवा... आणि बाईंना लिहिलं, 'आधीचे फोटो नाहीत, कारण आई थांबत नाही. नंतरचे पाठवते आहे. यात एक जरी भोक सापडलं, तरी काम देऊ नका.' पाठवलं आणि मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर लिहिलंस," आणि हातातली पँट पुढे शिवायला लागली!

संध्याकाळी बाई स्वतः हजर! गळ्यात साखळीचा चष्मा, हातात यादी. "काळा कोट, डावी बाही, कोपराच्या वर." म्हणजे जागा त्यांना ठाऊक! चष्मा लावला, काढला, बाही उजेडाला धरली, उलटी केली, बोटं फिरवली... आणि एकदम, "हे! हे बघा, इथे जाड लागतंय!"

आईने शांतपणे बाही कॅमेऱ्याखाली सरकवली. "ती गाठ होय? ती गिरणीची. तुमचं कापड मुळातच तसं आहे. माझं या बाजूला आहे... असावं." मग थांबून म्हणाली, "गिरणीचीही काढून देऊ का?"

काका गाळ्यातून असे हसले, असे हसले! आणि बाईंनी चष्मा मिटला. "उद्या सकाळी पेट्या पाठवते. चार आहेत. जागा करून ठेवा."

जिंकलो! मी काकांना मिठी मारली, हातातल्या कानशीसकट!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या आल्या. मी कॅमेरे परत न्यायला गेले, तर आईने दोन्ही व्यवस्थित पुसून डब्यांत भरून ठेवलेले. "उगाच खर्च नको. नेऊन दे." आणि स्वतः पहिला झगा मांडीवर घेऊन बसली, हातात तेच भिंग, दोऱ्याच्या मुठीचं.

वाटभर मिररलेस काखेत, आणि डोळ्यांपुढे तेच तिरपं ऊन, तेच धूसर धूसर... कॅमेरावाल्याने तोंड उघडलं, "तर ताई, सेन्सर..." म्हटलं, "कॉम्पॅक्ट द्या."

"पण तुम्ही वाढणार होता ना?"

"नाही वाढत. कॉम्पॅक्ट."

तो हिरमुसला, मग पुन्हा खुलला. "मेमरी कार्ड कुठलं देऊ?"

"कार्ड नको. बॅटऱ्या दोन द्या. आई थांबत नाही."

"अहो, कार्डाशिवाय फोटो कसे निघणार?"

काय सांगू त्याला? म्हटलं, "फोटो कसले, दादा... दिसलं तर ते रफू कसलं?"