विरजण कुणाचं

सासूबाई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. बाहेर बाकावर दोघी जावा उरल्या, तशी नंबर पुकारणाऱ्या बाईंनी कान टवकारले.

“ऐकलंस? आत सांगतायत, धाकटीच्या दह्यानं पोट ताळ्यावर आलं!”

“डॉक्टरच म्हणाले होते ना ताई, दह्यातले जिवाणू आतड्यांना चांगले.”

“मग माझ्या दह्यातले काय संपावर होते? महिनाभर तुझ्याकडे काय राहिल्या, माझं दही आंबट झालं!”

“मी कुठे काय म्हटलं?”

“वेगळं बिऱ्हाड केलंस, तेव्हा विरजण कुणाचं नेलंस?”

“तुमचंच.”

“मग! त्या जिवाणूंचं माहेर माझ्या पातेल्यात आहे.”

“सांगा की तसं आईंना.”

“कौतुक मागून घेत नाही मी.”

पुढचा नंबर पुकारायचा राहूनच गेला. थोरलीचा आवाज एकदम खाली आला.

“जाताना तुझ्याकडे थांबू. चमचाभर विरजण दे.”

“का? तुमचं?”

“काल आई तुझ्या दह्याचे गोडवे गात होत्या. माझं लक्ष तिकडे, अन् होतं नव्हतं ते विरजण मी उकळत्या दुधात घातलं.”

“अगंबाई! मग?”

“मग काय? मेले सगळे. आईंना सांगू नकोस.”