भुंगेऱ्यांसाठी तुळई

निलंग्याच्या बसस्टँडवर नागुबाई गाडीची वाट बघत होत्या. लातूरच्या कोचिंगहून येऊन नुकतीच बसमधून उतरलेली अलीझा शेजारीच आपल्या आजोबांना, चांदपाशा सुतारांना, अधीरपणे विचारत होती,

“दादा, भुंगेऱ्यांसाठी मी पुरलेले कुजके ओंडके चुलीत तर न्हाई ना घातले?”

“न्हाई गं! उलट भूकंपात पडलेल्या घराची तुळई बी त्यांच्याजवळ पुरली.”

“ती तुळई? तिला तर तुम्ही तीस वर्षं कुणाला हात लावू दिला न्हाई!”

“आता कुजली की खाऊ दे भुंगेऱ्यांच्या अळ्यांना. काल ओंडक्यातून एक निघाला. शिंगवाला! तळहातावर घेतला.”

“चावला?”

“न्हाई. लई गुदगुल्या केल्या!”

नागुबाईंनी घाईघाईनं लेकाला फोन लावला. “व्यंकटी, बांधावरचा वठलेला आंबा तोडू नको. का म्हंजे? आत कुणीतरी राहत असंल.”