मोठ्याने सांगितलेलं माप

दवाखान्यात नंबरची वाट बघत नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंद जुनी शिवणारीण, भावजयीचं शिवणाचं दुकान नवं.

"वन्सं, शिलाई कमी घेते, वेळेत देते, तरी बायका पुन्हा फिरकत नाहीत."

"माप कसं घेतेस?"

"मी टेप लावून आकडा सांगते, तुमचे भाऊ लांब टेबलाशी बसून लिहून घेतात."

"मशीनच्या आवाजात?"

"म्हणून तर ओरडावं लागतं."

"अगं, म्हणजे कंबर बेचाळीस हे सगळ्या दुकानाला कळतं!"

"अगं बाई!"

"यापुढे गुपचूप तूच लिही."

"आणि कंबर वाढलेली निघाली तर?"

"म्हणायचं, मागच्या वेळी मीच जरा घट्ट शिवलं होतं."

"वन्सं! मला दरवेळी हेच सांगता तुम्ही!"

"आणि स्वतःचं दुकान असून तू ब्लाउज माझ्याकडेच टाकतेस."