पाचनंतर सांगेन

नाव: ठाण्याच्या नोंदवहीत आहे, मुले 'ताई' म्हणतात. वय: ५४ वर्षे. व्यवसाय: समाजकेंद्रात नापास झालेल्या व शाळा सुटलेल्या मुलांची मोफत शिकवणी. राहणार: केंद्रामागची गल्ली, पहिला मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, आज रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मला ठाण्यात बोलावण्यात आले. वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका गृहस्थांची तक्रार आहे की त्यांची सतरा वर्षांची मुलगी सकाळपासून बेपत्ता असून मी तिला लपवले आहे. केंद्रात तिला सगळे भिंगरी म्हणतात. ती बेपत्ता नाही. ती कुठे आहे हे मला माहीत आहे व ते मी पाच वाजल्यानंतर सांगेन. हवालदारांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले.

कारण असे की, दोन ते पाच तिचा पेपर आहे. प्रयोगशाळेतील कामाच्या शिक्षणाची ही प्रवेशपरीक्षा वर्षातून एकदाच होते. वडिलांनी उद्यापासून तिला कपडे शिवण्याच्या कारखान्यात लावले आहे. दोन वर्षांपूर्वी ती केंद्रात आली तेव्हा अपूर्णांक दिसले की तिला तहान लागायची. आता ती लहान मुलांना अपूर्णांक शिकवते. परीक्षेचे गाव आत्ता सांगितले तर वडील तिला बाकावरून उठवून आणतील. माणूस वाईट नाही, पण हट्टाला पेटला की कुणाचे ऐकत नाही. मीही ऐकत नाही.

आमच्याकडे प्रत्येक मुलाला नंबरचा पत्र्याचा बिल्ला असतो. आल्यावर तो फळ्यावरच्या खिळ्याला लावायचा, जाताना डब्यात टाकायचा. भिंगरीचा बिल्ला एकतीस. तिचे वडील रोज सव्वानऊला कामावर जाताना खिडकीतून तो बघून जातात. म्हणून आज सकाळी मी तिला सव्वानऊच्या एसटीत बसवून दिले व केंद्रात येऊन तिचा बिल्ला स्वतः लावला. वडिलांनी तो पाहिला व ते गेले.

एक वाजता केंद्र बंद झाले. बिल्ला काढायचे माझ्या लक्षात राहिले नाही. खिळ्यावर बिल्ला राहिला तर घरी फोन करायचा, असा नियम आहे. पूर्वी एक मुलगा सामानाच्या खोलीत झोपला व आम्ही कुलूप लावून गेलो, तेव्हापासून. झाडणाऱ्या मावशी नियमाला चुकत नाहीत. त्यांनी फोन केला. नियम माझाच, तो माझ्याच अंगावर शेकला.

तीन वाजून वीस मिनिटांनी हवालदार म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या. हे शोभतं का?" मी म्हणाले, "तुमचं घड्याळ मागे आहे का हो?" चार वाजता वडिलांना आत आणले. ते म्हणाले, "हात जोडतो ताई. नाही पाठवत कारखान्यात. फक्त कुठंय ते सांगा." मला ती थाप वाटली. खुर्चीत बसवेना म्हणून मी खिडकीपर्यंत फेऱ्या मारल्या. हवालदारांनी दोनदा बसायला सांगितले.

पाच वाजून दोन मिनिटांनी मी परीक्षेच्या गावाचे व शाळेचे नाव सांगितले, बैठक क्रमांकही दिला. तेव्हा मला फार आनंद झाला होता, तसे लिहावे. हवालदारांनी तेथे फोन लावला. तेथील कारकुनाने सांगितले की त्या क्रमांकाचा बाक रिकामा होता. दोनपासून रिकामा होता. मी फोन हातात घेऊन क्रमांक पुन्हा सांगितला. त्याने पुन्हा तेच सांगितले.

वर मी 'एसटीत बसवून दिले' असे सांगितले आहे ते बरोबर नाही. मी तिला थांब्यावर सोडले. नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती, एसटी आली नव्हती. वडील खिडकीशी येण्याआधी बिल्ला लावायचा म्हणून मी पळत केंद्रात गेले. ती एसटीत चढली का, हे मी पाहिलेले नाही. परीक्षेत चालत नाही म्हणून तिचा मोबाइल माझ्या कपाटात आहे.

अंगात निळा कुडता, खांद्याला राखाडी पिशवी, केसांची एकच वेणी. हनुवटीवर डाव्या बाजूला टाके घातल्याची खूण. थांब्यावर तिच्याबरोबर कोणी नव्हते. थांब्यासमोर चपलांचे दुकान आहे, ते रविवारी उघडे असते. त्यांना विचारा. वडील आत्ताच धावत बाहेर गेले आहेत, त्यांना थांबवा, त्यांनाही गाडीत घ्या.

जबाब वाचून दाखवतो, असे हवालदार म्हणाले. वाचू नका. तुमची पाच मिनिटे जातील, माझ्यामुळे तीन तास गेलेत. सांगितले ते सगळे खरे आहे, न ऐकता सही करते. गाडी काढा.