मेषेच्या पानावरच्या चार ओळी

...आणि वर मलाच विचारतात, मेंढ्यानं तुमचं काय घोडं मारलंय म्हणून! आता काय सांगायचं या लोकांना? बसा, तुम्हालाच सांगतो. पण आधी एक कबूल करा. साप्ताहिकाच्या पानावर खाली जागा रिकामी राहिली, तर ती कुणीतरी भरायलाच पाहिजे. पाहिजे की नाही? मग! मी भरली. चार ओळी. फक्त चार ओळी भरल्या हो मी!

तुम्हाला सांगतो, मी प्रूफं वाचतो. बावीस वर्षं झाली. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका काढायच्या, आणि त्यातली एखादी राहिली तर ती मात्र आपली. तर वसंत आला की आमचे संपादक मेष राशीचं अख्खं पान काढतात. बाकीच्या अकरा राशींनी काय पाप केलंय? काही नाही, संपादक मेषेचे आहेत. मजकूर लिहितात आमचे ज्योतिषीबुवा. दरवर्षी तोच. वसंतात कुठे कुठे मेंढ्यांच्या गळ्यात माळा घालतात, कुठे त्यांची शिंगं रंगवतात, कुठे लोक शेकोटीवरून उड्या मारतात. मग ती सोन्याच्या लोकरीच्या मेंढ्याची गोष्ट... तो दोन मुलांना पाठीवर घेऊन समुद्रावरून उडतो, त्यातलं एक मूल मध्येच खाली पडतं, आणि त्याबद्दल मेंढ्याला कुणीही जाब विचारत नाही, उलट त्याला आकाशात जागा देतात! मग रत्नं. मेषेला हिरा, हिरा न परवडल्यास पोवळं, तेही न परवडल्यास कुठलाही लाल खडा. म्हणजे ग्रहांना तुमची परिस्थिती समजते. आणि शेवटी, ज्या दिवशी दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी अंडं उभं राहतं म्हणे. हे अंडं लक्षात ठेवा.

तर पान लागलं, आणि दुपारी चारला गादीवाल्यानं जाहिरात मागे घेतली. तिथे दुसरी छोटी जाहिरात टाकली तरी खाली जागा उरली. पानं लावणारा म्हणाला, "चार ओळी कमी पडतायत." ज्योतिषीबुवा मुलीकडे गेलेले, फोन बंद. आतून संपादकांचा आवाज आला, "अहो भरा काहीतरी! राशीचंच भरा! कोण बघतंय?" कोण बघतंय! आता त्याच दिवशी सकाळी काय झालं होतं, की केस कापताना सलूनवाल्यानं माझ्या कानाला कात्री लावली होती. कानाला पट्टी, पट्टीखाली ठणका. त्या ठणक्यात मी लिहिलं, 'मेष ही मस्तकाची रास. वसंतात या राशीच्या व्यक्तींनी, विशेषतः ज्येष्ठांनी, मस्तकाजवळ धारदार लोखंड येऊ देऊ नये. लाल खडा जवळ बाळगावा. बाकी काळजी नसावी.' शेवटचं वाक्य कशाला? तर चौथी ओळ अर्धी रिकामी दिसत होती. झालं. हात धुतले आणि घरी गेलो.

आता आमचे बाबा. वय चौऱ्याहत्तर, जन्म सहा एप्रिल, म्हणजे आमच्या पेपराच्या हिशेबानं मेष. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी, डोळ्याला भिंग लावून. मोहरीएवढा स्क्रू जमिनीवर पडला तर आवाजावरून सांगायचे कुठे गेला ते. त्याच डोळ्यात मोतीबिंदू. उजव्या. डावाही धूसरच, पण तो अजून पिकायचा होता. डॉक्टर म्हणाले, पूर्ण पिकलाय, आता थांबू नका. तीन महिने खेटे घालून ऑपरेशनची तारीख मिळवली, गुरुवार, सकाळी अकरा. वर्षभरात त्यांना काही वाचता आलेलं नव्हतं. मग पेपर कोण वाचून दाखवतं? सलूनवाला. हो, तोच. कानवाला.

शनिवारी अंक निघाला. बाबा दाढीला गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण! मी म्हटलं, "बाबा, हे काय?" म्हणाले, "वस्तरा लोखंडाचाच असतो ना?" मी म्हटलं, "असतो." "मग झालं तर," म्हणाले, "आणि त्या डॉक्टरला कळव, गुरुवारचं रद्द. डोळा मस्तकातच असतो." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, सासऱ्यांच्या गालाकडे पाहिलं, माझ्या कानाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "अहो, तुमच्या पेपरात काय छापलंय?" बायकांना कसं कळतं हो? मी काहीच बोललो नव्हतो. फक्त चार ओळी भरल्या होत्या!

मी सरळ पाय धरले. म्हटलं, "बाबा, ते खोटं आहे. ते मी लिहिलंय." बाबा हसले. "तू? अरे, तुला शाळेत 'माझा आवडता पक्षी' लिहायला सांगितला तर तू चिमणीवर दोन वाक्यं लिहून रडत बसला होतास. तू भविष्य लिहिणार?" म्हटलं, "बाबा, शपथ!" म्हणाले, "दुसऱ्याच्या विद्येवर हक्क सांगू नये. ज्योतिषीबुवांना काय वाटेल?" आता माणसानं खरं बोलावं तरी कुणाशी?

बरं, म्हटलं ज्योतिषीबुवांनाच गाठू. ते आले सोमवारी. मी म्हटलं, "बुवा, त्या शेवटच्या चार ओळी माझ्या होत्या, पुढच्या अंकात तेवढा खुलासा करा." बुवांच्या हातात पत्रं. एकूण नऊ. सगळी त्या चार ओळींचं कौतुक करणारी! एका बाईंनी तर कळवलं होतं, की सुरी लांब ठेवल्यापासून अर्धशिशी थांबली. बुवांनी पत्रांवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "तो योग माझ्या गुरूंनी मला सांगितलेला आहे." मी म्हटलं, "अहो, मी तो माझ्या कानावरून लिहिलाय!" तर म्हणाले, "कुणाच्या हातून काय लिहून घेतलं जातं, हे लिहिणाऱ्याला कळत नसतं."  तुम्ही असतात तर काय बोलला असतात?

इकडे घरी लाल खडा सुरू झाला. घड्याळात माणकाचे बारीक खडे असतात, चाकं सहज फिरावीत म्हणून. खसखशीएवढे. बाबांच्या जुन्या डबीत चार-पाच होते. त्यातला एक त्यांनी चाचपडत, चिमट्यानं, गोंद लावून पितळी अंगठीवर बसवला. कुणालाच दिसत नव्हता तो, त्यांना तर नाहीच नाही. आणि पहिल्याच दिवशी जेवताना पडला. मी आणि बायको खुर्च्या सरकवून, टेबलाखाली, गुडघ्यांवर. नाही सापडला. बाबा वरून विचारतायत, "काय शोधताय रे?" म्हटलं, "शीत सांडलंय." मग रोज सकाळी तेच, "खडा आहे ना रे जागेवर?" "आहे, बाबा." "चमकतोय?" "चमकतोय." बावीस वर्षं लोकांच्या चुका दुरुस्त करणारा माणूस मी, रोज सकाळी सातला खोटं बोलत होतो. कशापायी? चार ओळींपायी!

मग मंगळवार आला. दिवस-रात्र सारखे. बाबांनी अंडं मागवलं. टेबलावर ताटली, ताटलीत अंडं, समोर बाबा, अर्धी दाढी वाढलेली, श्वास रोखून. वीस मिनिटं. मग हळूच हात काढला आणि ओरडले, "उभं राहिलं! बघ! बघ!" मी पाहिलं. अंडं ताटलीत आडवं पडलं होतं. छान आडवं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी अंड्याकडे पाहिलं. म्हणालो, "उभं आहे, बाबा." आणि तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा मला हसू नाही आलं. बायकोनं अंडं उचललं आणि ताटली पुसायला घेतली.

गुरुवार गेला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बाबा खिडकीत बसून राहिले. दवाखान्यातून बाईंचा फोन आला. अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी एक जागा देते. ती घेतली नाहीत तर थेट चार महिन्यांनी. आणि इतका पिकलेला मोतीबिंदू चार महिने ठेवू नये, सांगून ठेवते." फोन ठेवला तर बाबा दारापाशी बोलताना ऐकू आले. "या ना, बसा. उभे का? घड्याळ आणलंय का?" मी धावत गेलो. दारात कुणी नव्हतं. खुंटीवर माझा कोट होता. बाबा कोटाला चहाचं विचारत होते. बायको हळूच म्हणाली, "आता त्या कोटाची रास तरी विचारून घ्या." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. हसत गेली की रडत, मी विचारलं नाही.

त्याच दुपारी ऑफिसात पानं लावणाऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बुवांच्या भविष्यातून चार ओळी काप." तो म्हणाला, "कुठल्या?" म्हटलं, "कुठल्याही. वृश्चिकेच्या काप. वृश्चिकेची माणसं काय, तशीही कुणावर विश्वास ठेवत नाहीत." आणि त्या जागी मी लिहिलं, 'वसंतात मेंढ्याची लोकर कातरतात, ती लोखंडाच्याच कात्रीनं. न कातरल्यास लोकर डोळ्यांवर येऊन मेंढ्याला दिसेनासे होते. तेव्हा मेषेच्या ज्येष्ठांनी जाणत्या हातांना डोळ्यांवरचे दूर करू द्यावे. बाकी काळजी नसावी.' पुन्हा चार ओळी. पुन्हा शेवटची अर्धी रिकामी होती, काय करणार?

शनिवारी मी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "खोटं वाचतोयस." म्हटलं, "छापलंय, बाबा!" म्हणाले, "तुझा आवाज चोरट्यासारखा येतोय. मी सलूनवाल्याकडून वाचून घेतो." गेले. काठी टेकत, भिंतीला हात लावत. मी मागे वीस पावलांवर, चोरट्यासारखाच. तासाभरानं बाहेर आले. दोन्ही गाल गुळगुळीत! म्हणाले, "गुरुवारी किती वाजता?"

गुरुवार. अकराला दहा कमी. दवाखान्यातलं लाकडी बाक, बाबांच्या अंगात तो हिरवा गाऊन, मागून नाड्या. नर्सबाई आल्या. "आजोबा, अंगठी काढा." मी पटकन म्हटलं, "बाई, जपून हं, खडा पडेल." बाईंनी अंगठी उजेडात धरली. "कुठला खडा?" झालं!  बाबा मात्र शांत. बाई गेल्यावर म्हणाले, "पहिल्याच दिवशी पडला तो. टेबलाच्या डाव्या पायामागे. आवाज आला मला."

मी म्हटलं, "मग रोज विचारत कशाला होतात?"

म्हणाले, "तू काय सांगतोस ते बघत होतो."

 मी विचारलं, "आणि अंडं?" म्हणाले, "अंडं मात्र मला खरंच उभं दिसलं रे. तू उभं म्हणालास, आणि ताटली पुसायला तुझ्या बायकोनं ते पटकन उचललं. उभं राहिलेलं अंडं कुणी इतक्या सहज उचलतं का? तेव्हा कळलं, डोळा गेलाय." मग माझा हात धरला. हात थंडगार. म्हणाले, "तुझी आई माहेरी गेली की पत्र टाकायची. शेवटी काय लिहायची?" मला आठवलं. मला एकदम आठवलं हो. बाकी काळजी नसावी. म्हणाले, "सलूनवाल्यानं पहिल्यांदा वाचलं तेव्हाच ओळखलं कुणी लिहिलंय ते. बुवा कधी असं लिहीत नाहीत." मी म्हटलं, "मग ऑपरेशन रद्द कशाला केलंत? मी पाया पडत होतो तुमच्या!" तर म्हणाले, "भीती वाटत होती. चाळीस वर्षं हा डोळा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी भीती वाटते असं सांगायचं कुणाला? आणि तू तर छापूनच आणलंस, की मेषेच्या माणसानं जाऊ नये." इतक्यात नाव पुकारलं. उठले, नाड्या सावरल्या, आणि आत गेले.

व्यवस्थित झालं सगळं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "म्हातारा दिसायला लागलास." मग पेपर मागितला. मेषेचं पान. चष्मा न लावता, दोन्ही हातांत धरून, वरपासून खालपर्यंत वाचलं. मी आपला उभा. म्हटलं, काहीतरी बोलतील. बोलले. "सात चुका आहेत," म्हणाले. "बावीस वर्षं काय करतोस तिथे?" घरी आल्यावर वाकून टेबलाच्या डाव्या पायामागून तो खडा उचलला आणि डबीत टाकला.

ज्योतिषीबुवांना लोकरीच्या ओळींबद्दल चौदा पत्रं आली. तेही गुरूंनीच सांगितलेलं होतं म्हणे. वृश्चिकेच्या एकाही माणसाची तक्रार नाही. मी कुणाला काही बोलत नाही. मी काय केलं? चार ओळी भरल्या.

आणि काल डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची तारीख दिली. पुढच्या वर्षी, सहा एप्रिल, नेमकी बाबांच्या वाढदिवसाची. तारीख ऐकून बाबा घरी आले. जिना चढले, खुर्चीत बसले, कोटाकडे एकदा नीट निरखून पाहिलं. मग मला जवळ बोलावून अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्या पानावर पुढच्या वेळी जरा जास्त जागा ठेव. डावा डोळा आहे, चार ओळींत नाही भागायचं. आठ लिही."