लाटण्याचं कूळ

रादोयका : लाटण्याचं कूळ शोधून झालं असेल तर ते इकडे द्या. कणीक वाळतेय.

मिलुतिन : झालंच. 'ओकोलो' म्हणजे भोवती. कणकेभोवती फिरते ती ओक्लागिया. अस्सल सर्ब शब्द. आज स्लावाच्या, आपल्या कुलसंताच्या दिवसाच्या, पाहुण्यांपुढे हेच बोलणार आहे.

झिवाना : बाबा, लाटण्याचा तो शब्द तुर्की आहे. इतकी वर्षं शाळेत भाषा शिकवलीत, तुम्हाला ठाऊक आहे.

मिलुतिन : मग आजपासून हिला 'पीठपसरणी' म्हणायचं. या घरात तुर्की काही चालणार नाही.

रादोयका : मग कॉफी सोडा, साखर सोडा. पायातले मोजेही काढा, तो शब्दही तिकडूनच आलाय.

झिवाना : आई, बाबांचा राग लाटण्यावर नाहीये. रिफातवर आहे.

मिलुतिन : आहेच. नोवी पाझारच्या मुसलमानाला मी मुलगी देणार नाही. विषय संपला.

झिवाना : तो येतोय. एव्हाना बसमधून उतरला असेल.

मिलुतिन : कोणी बोलावलं त्याला?

झिवाना : कोणीच नाही. कुलसंताच्या दिवशी बोलावणं नसतं, आणि आलेल्याला परत पाठवत नाहीत. तुम्हीच शिकवलंत.

मिलुतिन : ते आपल्या माणसांसाठी.

रादोयका : आपली माणसं? त्या शेजारच्या स्रेतेननं कुंपण सरकवलं, मामंजींना कोर्टात खेचलं आणि स्लावाला येऊन पोटभर जेवून गेला. मामंजींनी स्वतः वाढलं. रिफातनं तुमचं काय सरकवलंय?

मिलुतिन : तो तुर्कांपैकी.

झिवाना : त्याचे खापरपणजोबाही इथेच जन्मले. तुम्ही शिकवत होता तीच भाषा तो घरी बोलतो.

रादोयका : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणा ते लाटणं.

मिलुतिन : घे. आणि सारणात डुकराचं मांस नको, पनीर घाल. म्हणजे, कोणी खाणारा नसला तर.

रादोयका : पनीरच किसून ठेवलंय. सकाळीच.

(दारावरची घंटा वाजते. मिलुतिन दार उघडतो.)

रिफात : काका, मी रिफात. तुमच्या कुलसंताच्या दिवसाच्या शुभेच्छा.

मिलुतिन : आत ये. बस त्या खुर्चीवर.

रिफात : तुम्ही उभे, मी कसा बसू?

मिलुतिन : आज घरचा यजमान बसत नाही. पाहुण्यांना वाढत दिवसभर उभा राहतो. बापजाद्यांची रीत आहे.

झिवाना : बाबा...

मिलुतिन : तू थांब. बस रे, रिफात. उद्या बसून बोलू.